नंबर गेला, डोळा तोच

लेसिक, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन, झालेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, 'मग, गेला का नंबर?' मी हो म्हणते आणि ते खरंही आहे. पण चार वर्षांहून जास्त काळ हे डोळे वापरल्यावर माझं मत असं झालंय, की या उत्तरात निकालाचा जेमतेम अर्धा भाग येतो. उरलेला डॉक्टरांच्या तक्त्यावर दिसत नाही. तो रात्री हायवेवर कळतो, एसी लावलेल्या ऑफिसात दुपारी चारला कळतो, आणि त्यातला काही तर अजून यायचाच आहे.

माझा नंबर उजव्या डोळ्याला मायनस सव्वापाच, डाव्याला मायनस सहा आणि वर पाऊण सिलिंड्रिकल. चौथीत चष्मा लागला. कोल्हापुरात शाळेत 'ढापणी' आणि 'बॅटरी' अशी दोन नावं मिळाली, त्यातलं 'बॅटरी' दहावीपर्यंत टिकलं. दर जूनला नवं दप्तर, नव्या वह्या आणि वाढलेला नंबर. बारावीनंतर वाढ मंदावली आणि पंचविशीच्या आगेमागे थांबली. थांबणं फार महत्त्वाचं असतं. नंबर हलता असेल तर आज लेसरने घालवलेला उद्या पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून अठराच्या आत हे करत नाहीत आणि अठरानंतरही निदान वर्षभर नंबर जागचा हललेला नाही ना, हे जुन्या चिठ्ठ्या मागून बघतात.

चाकणच्या एका कारखान्यात मी डिझाइनचं काम करते. दिवसभर समोर दोन स्क्रीन. कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरायचे, पण संध्याकाळपर्यंत त्या टोचायला लागायच्या. मग २०२० आलं. डोळ्याला हात लावू नका म्हणाले, म्हणून लेन्स बंद. चष्मा घातला तर मास्कमधली वाफ सगळी काचेवर. भाजीवाल्यासमोर उभं राहून कोथिंबीर की मेथी हे वासावरून ठरवायची वेळ आली. माझ्या ओळखीत त्या वर्षभरात ज्यांनी ज्यांनी लेसिक केलं, त्यांतल्या बहुतेकांना या वाफेनेच ढकललं होतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नोकरी करतीस, मिळवतीस, सगळं खरं. पण डोळ्यात लेसर? देवानं दोनच दिल्यात बाई, तिसरा न्हाई." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वडील म्हणाले, तपासण्या तर करून घे, बघू काय म्हणतात.

तपासण्यांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण पुढचं सगळं तिथेच ठरतं आणि लोक नेमकं तिथेच घाई करतात. आधी दोन आठवडे लेन्स पूर्ण बंद ठेवायला लावल्या. लेन्सच्या दाबाने बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, आकार किंचित बदललेला असतो आणि तो मूळ जागी यायला वेळ लागतो. माझ्या लेन्स मऊ होत्या. कडक लेन्स वापरणाऱ्यांना याहून जास्त थांबावं लागतं. मग पेंटाकॅम नावाच्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं. डोळ्यासमोर निळ्या उजेडाची रेघ गरगर फिरते आणि बुबुळाच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागाचा रंगीत नकाशा छापून येतो. शिवाय जाडी मोजली. माझी ५२८ मायक्रॉन निघाली, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. साधारण माणसाची ५४०च्या आसपास असते. अंधारात बाहुली किती मोठी होते ते मोजलं. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पाच मिनिटांत ती दहा मिलिमीटरच्या पुढे भिजली तर अश्रू पुरेसे. माझी अकरापर्यंत भिजली. "काठावर पास," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य पुढे फार आठवलं.

नंतर बाहुली मोठी करायचे थेंब टाकून मागचा पडदा तपासला, आणि तिथे गाडी अडली. उजव्या डोळ्यात पडद्याच्या कडेला एक पातळ पट्टा होता आणि त्यात बारीकसं छिद्र. मायनस नंबर मोठा असलेल्यांत हे आढळतं. मला त्याची काही जाणीव नव्हती, दुखत नव्हतं, दिसण्यात फरक नव्हता. पडद्याच्या डॉक्टरांनी त्याभोवती लेसरचे ठिपके मारून ते छिद्र जागीच बंदिस्त केलं आणि काही आठवडे थांबायला सांगितलं. चष्मा काढायला गेले नसते तर हे कधी सापडलं असतं कोण जाणे. मायनस पाच-सहाच्या पुढे नंबर असलेल्या कुणीही, लेसिक करायचं असो वा नसो, थेंब टाकून पडदा तपासून घ्यावा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात तेव्हा पडदा कुणी बघत नाही.

माझ्याबरोबर धाकट्या भावानेही तपासणी केली. दोघांचं एकदमच उरकू, असा वडिलांचा बेत होता. त्याचा नंबर माझ्यापेक्षा कमी, मायनस तीनच्या आसपास, त्यामुळे त्याचं सहज होईल असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्याच्या नकाशात बुबुळाचा खालचा भाग जास्त उभार आलेला आणि तिथेच पातळ निघाला. केरॅटोकोनस या आजाराच्या सुरुवातीची ती शंका होती. अशा बुबुळातून लेसरने आणखी थर काढला तर ते पुढे फुगत जातं, आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. डॉक्टरांनी त्याला एकच गोष्ट विचारली: "डोळे चोळतोस का रे?" लहानपणापासूनची ॲलर्जी, त्यामुळे तो सदा डोळे चोळत असायचा. त्याला लेसिक कायमचं नाही, चोळणं बंद, ॲलर्जीचे थेंब सुरू आणि दर काही महिन्यांनी पेंटाकॅम. त्या दिवशी तो हिरमुसला होता. मला मात्र त्या डॉक्टरांवर पक्का विश्वास बसला, कारण गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी दवाखान्यात प्रथमच बघत होते.

माझ्या बाबतीत त्यांनी गणित कागदावर मांडून दाखवलं. बुबुळाच्या वरच्या थराची एक चकती लेसरने कापायची, एका बाजूला बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची आणि उलटून बाजूला करायची. ती सुमारे ११० मायक्रॉनची. तिच्याखालचा भाग दुसऱ्या लेसरने घासून सपाट करायचा, म्हणजे बुबुळाची वक्रता कमी होते आणि पडद्याच्या पुढेच एकवटणारे किरण मागे सरकून पडद्यावर पडतात. साडेसहा मिलिमीटर व्यासाचा भाग घडवायचा तर एका नंबरामागे चौदा-पंधरा मायक्रॉन जातात. मायनस सहाला झाले नव्वदच्या आसपास. ५२८ मधून ११० गेले, ९० गेले, खाली उरले ३२८. किमान अडीचशे उरलेच पाहिजेत. बरेच डॉक्टर तीनशेच्या खाली जायला तयार नसतात. मी बसत होते, पण ऐसपैस नाही. पुन्हा कधी हात लावायचा झाला तर उरलेल्या या पुंजीतूनच जाणार.

स्माइल नावाचा दुसरा पर्याय होता. त्यात चकती उलटत नाहीत, आतल्या आत एक पातळ भिंग कापून छोट्या चिरेतून ओढून काढतात. कोरडेपणा सुरुवातीला कमी असतो म्हणाले. खर्च मात्र बराच जास्त होता. नंबर आणखी मोठा किंवा बुबुळ पातळ असतं तर डोळ्याच्या आत लेन्स बसवायचा पर्याय होता, तो माझ्यासाठी नव्हताच. मी चकतीवालं लेसिक घेतलं. दोन्ही डोळ्यांचे मिळून लाखाला थोडे कमी.

विम्याचंही सांगून टाकते. ऑफिसची पॉलिसी काढून बसले तर त्यात लिहिलेलं, साडेसात नंबरापेक्षा कमी असलेल्या दृष्टिदोषाच्या उपचाराचा खर्च मिळणार नाही. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात हे कलम आता ठरलेलंच आहे. आयुष्यभर नंबर जास्त म्हणून ऐकून घेतलं आणि विमा कंपनीच्या मते तो कमी होता!

ऑपरेशन २०२१च्या जानेवारीत झालं. त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. बधिर करणारे थेंब, पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा, मग डोळ्यावर एक कडं दाबून बसवतात तेव्हा दाबाने काही सेकंद सगळं काळं होतं. दुखत नाही, पण डोळा उघडा असून अंधार होणं अंगावर येतं. चकती कापून झाली की खुर्ची दुसऱ्या यंत्राखाली सरकते. समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं. चकती उचलल्यावर त्या दिव्याचा नुसता धूसर डाग होतो. टक टक टक आवाज आणि केस जळल्यासारखा वास. डोळा किंचित हलला तरी यंत्र त्याच्या मागे जातं आणि फारच हलला तर थांबतं, हे आधी सांगितलेलं असूनही मी श्वास रोखून धरला होता.

त्या वासाबद्दल नंतर वाचलं. हा लेसर १९३ नॅनोमीटरचा, अतिनील. तो पेशी जाळत नाही, रेणूंमधले बंध तोडून पातळ थर उडवून देतो, लेसरच्या एका ठोक्यात साधारण पाव मायक्रॉन. आजूबाजूला आच जवळजवळ लागत नाही. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत हे शोधणाऱ्या तिघांतले एक रंगस्वामी श्रीनिवासन, मद्रास विद्यापीठात शिकलेले. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यांनी थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणात उरलेली टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) प्रयोगशाळेत नेली आणि तिच्यावर लेसर मारून पाहिला. कडा कुठेही न करपता स्वच्छ खाच पडली. १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने त्याचा संबंध बुबुळाशी जोडला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे कोंबडीवर करून बघिटलं आणि मग तुझ्यावर."

त्या दुपारी डोळ्यांत मिरची गेल्यासारखी चुरचुर, पाण्याच्या धारा. झोपले. संध्याकाळी उठून भिंतीवरचं घड्याळ बघितलं तर काटे दिसत होते. थोडे धुरकट, पण दिसत होते. वीस वर्षं उशीखाली चष्मा चाचपडल्याशिवाय मला वेळ कळलेली नव्हती. त्याचं फार वर्णन करत नाही, ते सगळेच करतात आणि ते सगळं खरं असतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीत ६/६ आलं. सहा मीटरवरून जे अक्षर निरोगी डोळ्याला दिसायला हवं, ते मला दिसलं. काउन्सेलर मॅडमनी टाळ्या वाजवल्या, माझा फोटो काढायला निघाल्या. त्यांच्या लेखी निकाल लागला होता.

आता पुढचं. आठवडाभर झोपताना डोळ्यांवर पारदर्शक ढाल चिकटवून झोपायचं, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, प्रतिजैविकाचे थेंब, स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत न्यायचे. आणि चोळायचं नाही, अजिबात. चकतीला टाके नसतात. कडा भरून येतात, पण खालचा थर आधीसारखा एकजीव कधीच होत नाही. जोराचा मार लागला तर कित्येक वर्षांनीही चकती सरकू शकते. ऑफिसातल्या क्रिकेटमध्ये मी अजून क्षेत्ररक्षणाला गॉगल घालून उभी राहते आणि लोक हसतात, हसोत.

कोरडेपणा पहिल्या महिन्यात फार नव्हता, कारण स्टेरॉइडने झाकला होता. थेंब संपले आणि तो वर आला. मला वाटलं होतं, कोरडं म्हणजे खाज सुटेल, टोचेल. तसं झालंच नाही. दुपारी स्क्रीनवरच्या रेघा फाटल्यासारख्या दिसायच्या, पापणी मिटली की जुळायच्या, पुन्हा फाटायच्या. आपला नंबर परत आला या भीतीने मी दवाखाना गाठला. नंबर शून्यच होता. बुबुळाला शरीरात सर्वांत दाट मज्जातंतूंचं जाळं असतं आणि चकती कापताना त्यातले बरेच कापले जातात. डोळा कोरडा पडलाय हा निरोप मेंदूला जाणं त्याने कमी होतं, मग अश्रूही कमी आणि पापण्यांची उघडझापही कमी. त्यात स्क्रीन, तिथे माणूस मुळातच निम्म्याहून कमी वेळा पापण्या मिटतो. आणि आमच्या ऑफिसचा एसी. तंतू पुन्हा वाढतात, पण सहा महिने, वर्ष, कुणाला त्याहून जास्त.

'काठावर पास'चा अर्थ तेव्हा कळला. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांमधले थेंब दिवसातून अनेकदा, रात्री जेल. पापण्यांवर गरम पाण्याच्या फडक्याचा शेक, म्हणजे पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी मोकळ्या होतात आणि अश्रू लगेच उडून जात नाहीत. पुढे काही काळ सायक्लोस्पोरिनचे थेंब. वर्षाच्या शेवटाला बरंच कमी झालं. गेलं मात्र नाही. आजही पर्समध्ये कुप्या असतात, आणि विमानात बसले किंवा डेडलाइन आली की त्या संपतात. या थेंबांवर होणारा खर्च पॅकेजमध्ये कुणी धरत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. कोल्हापूरला जाताना कराडच्या पुढे हायवेचं काम चाललेलं, जागोजागी डायव्हर्जन, दुभाजक गायब आणि समोरून ट्रक. प्रत्येक हेडलाइटभोवती मला एक कडं दिसायचं आणि कड्यातून बाहेर फुटलेल्या रेघा. परतताना खंबाटकीच्या बोगद्यातले दिवे एकमेकांत मिसळून उदबत्तीच्या धुरातून पाहावेत तसे व्हायचे. अंधारात बाहुली मोठी होते आणि लेसरने घडवलेल्या भागाच्या कडेवरूनही किरण आत शिरतात, हे त्याचं एक कारण. माझी बाहुली अंधारात जवळजवळ सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि घडवलेला भाग साडेसहाचा. पण नुसत्या बाहुलीच्या मापावरून कुणाला त्रास होणार हे आधी नेमकं सांगता येत नाही. माझ्या टेबलाशेजारच्या सहकाऱ्याची बाहुलीही मोठी, नंबरही मोठा होता, आणि त्याला एक कडं दिसत नाही. पहिलं वर्षभर मी रात्री गाडी चालवणं टाळलं. नंतर कडी लहान झाली, का मेंदूने सोडून दिली, कोण जाणे. आता चालवते, पाऊस नसेल तर.

गंमत म्हणजे दर तपासणीत ६/६. अंधाऱ्या खोलीत, काळी अक्षरं, मागे स्वच्छ पांढरा उजेड. तिथे मला सगळं दिसायचं. आणि खरं सांगायचं तर डॉक्टर "काही त्रास?" म्हणून विचारायचे तेव्हा मी "नाही, छान आहे" म्हणायचे. त्यांनी इतकं चांगलं काम केलं, आता कुरकुर कशी करायची, हा आपला संस्कार. मग एकदा अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने तिथल्या नौदलाबरोबर केलेल्या प्रॉउल नावाच्या अभ्यासाबद्दल वाचलं. त्याच्या एका भागात नौदलातले २६२ जण होते, दुसऱ्यात ३१२ सामान्य नागरिक. त्यांनी रुग्णांना इंटरनेटवर प्रश्नावली भरायला दिली. ऑपरेशनआधी ज्यांना कडी, चकाकी, दुहेरी दिसणं असं काहीच नव्हतं, त्यांपैकी सुमारे ४३ ते ४६ टक्क्यांना तीन महिन्यांनी त्यातलं काहीतरी एक नव्याने दिसत होतं. ज्यांना कोरडेपणा नव्हता त्यांतल्या ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तो आला होता. आणि हेच त्रास लोकांनी डॉक्टरांना जितक्यांदा सांगितले, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा प्रश्नावलीत लिहिले होते. म्हणजे 'छान आहे' म्हणणारी मी एकटी नव्हते.

पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही आहे. त्रासामुळे रोजची कामं करणं खूप अवघड झालं असे एक टक्क्याहून कमी. आपल्या दिसण्याबद्दल असमाधानी १ ते ४ टक्के. आणि ज्यांना चष्म्यात किंवा लेन्समध्ये आधीपासून हे त्रास होते, त्यांतल्या बऱ्याच जणांचे ते ऑपरेशननंतर गेलेही, इतके की सगळे मिळून मोजले तर त्रास असणाऱ्यांचं प्रमाण घटलंच. नेटवर एक तर 'जादू' वाचायला मिळते नाही तर 'आयुष्य बरबाद'. मी या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे, आणि बहुतेक लोक मधेच असावेत. पुन्हा करशील का म्हणाल तर हो, करीन. पावसात राजगडावर चढताना चष्मा पुसावा लागत नाही, हेल्मेटच्या काचेमागे दुसरी काच नाही, पोहताना काठ दिसतो. एवढ्यासाठी दिवसभर थेंब घालायची माझी तयारी आहे. तुमची असेलच असं नाही.

तिसऱ्या वर्षानंतर डाव्या डोळ्यात अर्धा नंबर परत आला. दिवसा जाणवतही नाही. "टचअप करू शकतो," डॉक्टर म्हणाले. पण जुनी चकती इतक्या वर्षांनी उचलली तर तिच्याखाली वरच्या पेशी शिरण्याचा धोका जास्त. दुसरा मार्ग वरून, चकती न उचलता लेसर करायचा. दोन्हींत त्या ३२८ मधून काही जाणारच, आणि कोरडेपणाचा फेरा पुन्हा पहिल्यापासून. मी अर्ध्या नंबराचा चष्मा करून गाडीत ठेवला. रात्री चालवताना लावते, कडीही त्याने थोडी आवरतात. "एवढा लाख घालून परत चष्माच की," ही वडिलांची प्रतिक्रिया.

माझ्या मावसभावाला मात्र हे सगळं सांगताना मी आधी थांबवलं. तो रेल्वेच्या परीक्षा देतो, आणि सहायक लोको पायलटच्या जाहिरातीत लेसिक झालेला उमेदवार चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. चष्मा नको म्हणून लेसिक करायला निघालेला आणि त्यानेच इंजिनाचं दार बंद झालं असतं. सैन्यभरतीत ठरावीक अटींवर चालतं. सरकारी नोकरीच्या तयारीतल्या मुलांनी जाहिरातीतलं वैद्यकीय पान आधी वाचावं, पैसे नंतर भरावेत.

आत्याचं उदाहरण वेगळंच. तिने चाळिशीच्या उंबरठ्यावर लेसिक केलं, लांबचं लख्ख झालं. तीन-चार वर्षांत जवळचं दिसेना. जवळचा चष्मा सगळ्यांनाच लागतो, डोळ्यातलं भिंग ताठर होतं त्याला लेसर काही करत नाही. पण मायनस नंबरवाल्यांना चष्मा काढून वाचायची सोय असते. आत्या पूर्वी चष्मा कपाळावर चढवून सुईत दोरा ओवायची. ती सोय तिने विकली होती. मला अजून काही वर्षं आहेत. तोवर लांबचं-जवळचं दोन्ही फुकट आहे, ते वापरून घेते.

आणि पडदा. लेसरने बुबुळाचा पुढचा भाग बदलला, डोळ्याची लांबी बदललेली नाही. माझा डोळा सव्वीस मिलिमीटरच्या जवळ लांब आहे, साधारण माणसाचा चोवीसच्या आत असतो. त्या ताणाने पातळ झालेला पडदा जसा होता तसाच आहे, आणि तो सुटण्याचा धोका नंबर शून्य झाल्याने कमी झालेला नाही. म्हणून वर्षातून एकदा थेंब टाकून तपासणी. डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकाएकी वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना, हे माझ्या डोक्यात ठोकून बसवलंय.

शेवटचं काम कागदांचं. बुबुळ पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाब यंत्रावर असतो त्याहून कमी दिसतो. लेसिक झालंय हे माहीत नसलेल्या डॉक्टरांच्या हातून काचबिंदू निसटू शकतो. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर बुबुळाच्या वक्रतेवरून काढतात, आणि आमच्यासारख्यांत ते नेहमीचं गणित चुकतं. तेव्हा ऑपरेशनआधीची वक्रता, जुना नंबर, जाडी आणि किती मायक्रॉन काढले, हे आकडे हाताशी असलेले बरे. हे मला कुणी आपणहून दिलं नाही, मागून घ्यावं लागलं. रेकॉर्ड रूममधल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तीस वर्षांनी लागणारा कागद आत्ता कशाला?" झेरॉक्स कोल्हापूरला पाठवून दिली. माझी दहावीची हॉलतिकीटं आणि चौथीतली चष्म्याची पहिली चिठ्ठी आईने अजून जपून ठेवलीय, कागद सांभाळण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही.